तक्रार नेमकी कुठून आली?

या वेळी तीन पत्रं घेतली आहेत आणि तिन्हींचा विषय एकच आहे: चुकीची माहिती आली की कोडने एक्सेप्शन टाकायला हवं, म्हणजे काम तिथेच थांबवून चूक कळवायला हवी, आणि तो ते टाकतो की नाही हे युनिट टेस्टने, म्हणजे कोडचा एकेक तुकडा तपासणाऱ्या छोट्या कोडने, बघायचं. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्या वाचकाने आपला कोड पाठवला आणि मला तो चालवून बघता आला.

प्रश्न : ताई, आमच्या गावच्या दूध संस्थेसाठी मी पायथॉनमध्ये संकलनाचं सॉफ्टवेअर लिहिलंय. सकाळ-संध्याकाळ सभासदाचा कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) भरायचं, त्यावरून दर निघतो आणि दर दहा दिवसांनी बिल. फॅट मर्यादेबाहेर असेल तर व्हॅल्यूएरर (किंमत चुकीची असल्याचं एक्सेप्शन) यायला हवा, अशी टेस्ट मी पायटेस्ट या टेस्ट चालवण्याच्या साधनात लिहिली आहे आणि ती पास होते. तरी मागच्या बिलात एका सभासदाच्या गाईच्या दुधाला ३५ फॅट लागलं. ३.५ भरताना पॉइंट राहिला होता. बिल वाटायच्या आधी सचिवांच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. टेस्ट हिरवी असताना ही चूक आत आलीच कशी?
– एक वाचक, करवीर तालुका, जि. कोल्हापूर

उत्तर : तुमचा कोड रविवारी सकाळी चालवला. टेस्ट खरंच हिरवी आहे. मग फॅटची मर्यादा बघणारी ओळच मी काढून टाकली आणि टेस्ट पुन्हा चालवली. तरी हिरवी. म्हणजे ही टेस्ट फॅटकडे बघतच नव्हती.

मग व्हॅल्यूएरर येतो कुठून? तुमच्या टेस्टमध्ये नोंदीची तारीख ‘३१/०६/२०२४’ आहे. जून तीस दिवसांचा. तुमचं नोंद करणारं फंक्शन सगळ्यात आधी ती तारीख स्ट्रपटाइमने (मजकुराची तारीख करणाऱ्या पायथॉनच्या फंक्शनने) वाचतं, आणि त्या महिन्यात असा दिवसच नाही म्हणून स्ट्रपटाइम व्हॅल्यूएरर टाकतं. फंक्शन तिथेच संपतं. फॅट तपासण्याची ओळ पाच-सहा ओळी खाली आहे, तिथवर कोड पोहोचतच नाही. टेस्टला मात्र व्हॅल्यूएरर हवा होता, तो मिळाला, ती पास झाली.

खरी चूक त्या खालच्या ओळीत आहे. मर्यादेची तपासणी चार स्पेस आत सरकून म्हशीच्या ‘इफ’च्या पोटात गेली आहे. म्हशीच्या दुधाला ती लागते, गाईच्या दुधाला लागतच नाही. तुमच्या कोडमध्ये ३.५ च्या वर प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ फॅटला, ३० पैसे वाढ धरली आहे. ३.५ ते ३५ म्हणजे ३१५ पॉइंट, लिटरमागे ९४ रुपये ५० पैसे जादा. सचिवांनी बिल डोळ्यांखालून घातलं हे फार चांगलं झालं. पण त्यांच्या नजरेवर दर दहा दिवसांनी हे ओझं टाकता येणार नाही.

आता टेस्ट कशी लिहायची ते सांगते. थोडं सविस्तर सांगते, कारण ही चूक मी वीस वर्षांत अनेक चांगल्या प्रोग्रॅमरांच्या हातून झालेली बघितली आहे.

पायटेस्टचं ‘रेझेस’ एवढंच बघतं, की आपल्या ‘विथ’ ब्लॉकमधून, म्हणजे त्याच्याखाली आत सरकवलेल्या ओळींमधून, अमुक जातीचं एक्सेप्शन बाहेर पडलं का. कोणत्या ओळीने टाकलं, कशाबद्दल टाकलं, याची चौकशी ते आपणहून करत नाही. म्हणून त्या ब्लॉकमध्ये एकच ओळ ठेवायची: ज्या कॉलमधून एक्सेप्शन यायला हवं तो कॉल. तारीख, सभासद, दरपत्रक, जे जे तयार करायचं ते ब्लॉकच्या वर. तुमची तारीख वर, ब्लॉकच्या बाहेर वाचली गेली असती, तर स्ट्रपटाइमचा एरर ‘रेझेस’च्या हाती लागलाच नसता. टेस्ट पहिल्याच दिवशी लाल झाली असती आणि जूनची ३१ तारीख तुम्हाला तेव्हाच दिसली असती.

त्यासाठी नोंद करणाऱ्या फंक्शनने तारीख मजकूर म्हणून घेण्याऐवजी तयार तारीखच घ्यायला हवी. मजकुराची तारीख करणं हे भरणा स्क्रीनचं काम आहे. फंक्शनवर दोन कामं असली की त्याच्या टेस्टमध्ये अशी गल्लत होतेच.

दुसरी गोष्ट जातीची. व्हॅल्यूएरर पायथॉनमध्ये कोण कोण टाकतं ते बघा. रिकाम्या मजकुराला ‘इंट’ (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) लावलं की व्हॅल्यूएरर. यादीत नसलेली वस्तू ‘रिमूव्ह’ करायला गेलं की व्हॅल्यूएरर. दोन नावांत तीन किमती ओतायला गेलं की व्हॅल्यूएरर. बिघडलेलं जेसन (माहिती लिहिण्याची एक मांडणी) वाचताना येणारा एरर त्याच्याच पोटातला, आणि युनिकोड उलगडताना येणाराही त्याच्याच पोटातला. ‘रेझेस’ पोटजातीही स्वीकारतं. ‘व्हॅल्यूएरर आला पाहिजे’ म्हणणं म्हणजे ‘गावातल्या कुणीतरी हाक मारली पाहिजे’ म्हणण्यासारखं आहे. आपल्याला नेमकं घर हवं.

म्हणून स्वतःचं एक्सेप्शन करा. ‘फॅटमर्यादेबाहेर’ नावाचा क्लास, व्हॅल्यूएररपासून काढलेला. दोन ओळींचं काम आहे. त्याच्या आत भरलेलं फॅट, दुधाचा प्रकार आणि लागू मर्यादा ठेवा. मग टेस्टमध्ये ‘रेझेस’ला तेच नाव द्या. स्ट्रपटाइम काही झालं तरी फॅटमर्यादेबाहेर टाकू शकत नाही. शिवाय एक्सेप्शनच्या आतलं फॅट ३५ आहे का, प्रकार ‘गाय’ आहे का, हेही तपासता येतं. भरणा स्क्रीनलाही त्याचा उपयोग होतो: ‘चुकीची माहिती’ असं मोघम सांगण्याऐवजी ‘गाईच्या दुधाला ३५ फॅट? पॉइंट राहिला का?’ असं पहाटे पाच वाजता रांगेसमोर बसलेल्या ऑपरेटरला विचारता येतं.

इथे एक सापळा आहे. तुमच्या दुसऱ्या एका टेस्टमध्ये तोच दिसला, म्हणून सांगते. एक्सेप्शनच्या आतल्या किमती तपासणाऱ्या ॲसर्टच्या ओळी तुम्ही ‘विथ’ ब्लॉकच्या आत, कॉलच्या खाली लिहिल्या आहेत. त्या कधीच चालत नाहीत. वरच्या ओळीने एक्सेप्शन टाकलं की ब्लॉक तिथेच सुटतो. तिथे ‘दोन आणि दोन पाच’ असं ॲसर्ट लिहिलंत तरी टेस्ट हिरवी राहील. करून बघा. त्या ओळी ब्लॉकच्या बाहेर, डावीकडे आणा. ‘विथ’च्या ओळीत ‘ॲज’ लावून जे नाव घेता, त्याच्या ‘व्हॅल्यू’मध्ये एक्सेप्शन ब्लॉक संपल्यावरही हाती असतं.

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा मुद्दा. एक्सेप्शन आलं, बरोबर जातीचं आलं, बरोबर ओळीतून आलं. पण येण्याआधी कोडने काय करून ठेवलं?

२००९ साली मी एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते, जावामध्ये. बचत खात्यातून पैसे काढण्याचं फंक्शन होतं आणि शिल्लक अपुरी असेल तर एक्सेप्शन यायला हवं, याची टेस्ट मीच लिहिली होती. बाजारात भाजी विकणाऱ्या एक आजी खातेदार होत्या. खात्यावर १,४५० रुपये होते आणि त्यांनी २,००० ची स्लिप भरली. स्क्रीनवर ‘शिल्लक अपुरी’ असा मेसेज बरोबर आला. कारकुनाने पैसे दिले नाहीत, आजी घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी पासबुक छापून घेतलं तेव्हा शिल्लक उणे ५५० आली. फंक्शनमध्ये आधी वजाबाकी होत होती आणि मग शून्याखाली गेलं का ते बघून एक्सेप्शन टाकलं जात होतं. खातं मेमरीत तसंच उणे राहिलं आणि दिवसअखेरच्या प्रक्रियेने ते डेटाबेसमध्ये लिहून टाकलं. आजींना वाचता येत नव्हतं, पण आकड्याआधीची ती आडवी रेघ त्यांना कळली. न घेतलेल्या पैशांचं देणं आपल्या नावावर कसं, हे त्या काउंटरवर विचारत होत्या आणि कुणाकडेच उत्तर नव्हतं. व्यवस्थापकांनी लाल शाईने दुरुस्ती करून खाली सही केली. ते पासबुक मी हातात घेऊन पाहिलं आहे. माझी टेस्ट त्या दिवशीही हिरवीच होती, कारण मी फक्त एक्सेप्शन आलं का एवढंच विचारलं होतं, ते आल्यावर खात्यात किती उरले हे विचारलं नव्हतं.

तेव्हापासून एक्सेप्शनच्या प्रत्येक टेस्टमध्ये मी शेवटी आणखी एक ॲसर्ट घालते: जे बदलायला नको होतं ते बदललेलं नाही. तुमच्या बाबतीत ब्लॉकच्या आधी त्या दिवसाच्या नोंदी मोजा आणि ब्लॉकनंतर पुन्हा मोजा. सभासदाची चालू बिलाची रक्कमही बघा. तुमच्या कोडमध्ये लिटर आधी एकूण संकलनात मिळवले जातात आणि फॅट नंतर तपासलं जातं. म्हणजे मर्यादेची तपासणी योग्य जागी आणली, तरी नाकारलेल्या नोंदीचे लिटर संध्याकाळच्या एकूण आकड्यात राहतील आणि टँकरच्या मापाशी ताळा लागणार नाही. आधी सगळं तपासा, मग वहीला हात लावा.

मर्यादेच्या अलीकडची टेस्टही हवी. तुमच्या कोडप्रमाणे गाईला वरची मर्यादा ६.० आहे. मग ६.० ला एक्सेप्शन येता कामा नये आणि ६.१ ला यायला हवं, अशा दोन शेजारच्या टेस्ट लिहा. फक्त ३५ ची टेस्ट असेल तर उद्या कुणी चुकून ‘पेक्षा मोठं’च्या जागी ‘पेक्षा मोठं किंवा समान’ केलं तर कळणार नाही, आणि प्रामाणिकपणे ६.० फॅटचं दूध आणणाऱ्या शेतकऱ्याला केंद्रावरून परत जावं लागेल. त्याच्यावरही हा तितकाच अन्याय आहे.

जाता जाता: फॅट आणि दरासाठी फ्लोट (अपूर्णांक जवळपास साठवणारा प्रकार) सोडून डेसिमल (दशांश नेमके साठवणारा) वापरायचा विचार तुम्ही पत्रात मांडला आहे. जरूर वापरा, पैशांचा हिशेब आहे. पण एक बदल लक्षात ठेवा. ‘अबक’ असा मजकूर फ्लोटला दिला तर व्हॅल्यूएरर येतो, डेसिमलला दिला तर इनव्हॅलिडऑपरेशन येतो, आणि तो व्हॅल्यूएररच्या कुळातला नाही, अंकगणिताच्या एररच्या कुळातला आहे. भरणा स्क्रीनवर आज व्हॅल्यूएरर पकडणारी जी ओळ आहे, तिच्या हातून तो निसटेल. तो बदल करण्याआधी त्याची टेस्ट लिहा.

आणि सगळं झाल्यावर मी रविवारी जे केलं ते तुम्ही करा. मर्यादेची ओळ तात्पुरती कॉमेंट करा आणि टेस्ट चालवा. पायटेस्टने ‘डिड नॉट रेझ’ म्हणत लाल व्हायला हवं. झालं, की ओळ परत आणा. याला अर्धं मिनिट लागतं.

प्रश्न : आमच्या जावाच्या प्रोजेक्टमध्ये दहा-बारा वर्षांपूर्वीच्या शेकडो टेस्ट आहेत. सगळीकडे टेस्टच्या डोक्यावर ‘एक्स्पेक्टेड’ लिहून एक्सेप्शनचं नाव दिलेलं आहे. मी ‘ॲसर्टथ्रोज’ वापरून त्या बदलाव्यात असं सुचवलं तर सिनिअर म्हणाले, चालतंय ना, मग हात लावू नका. आणि एरर हँडलिंगच्या टेस्टवर एवढा वेळ घालवण्यात अर्थ नाही. त्यांचं बरोबर आहे का?
– एक वाचिका, पिंपरी-चिंचवड

उत्तर : पहिलं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दुसरं मला मान्य नाही.

आधी या टेस्ट अशा का आहेत ते पाहू. केंट बेक आणि एरिक गामा या प्रोग्रॅमरांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात जेयुनिटची, म्हणजे जावाच्या टेस्ट लिहिण्याच्या साधनाची, सुरुवात केली. त्या जुन्या जेयुनिटमध्ये एक्सेप्शन तपासायला वेगळी सोय नव्हती. ‘ट्राय’ लिहायचं, त्यात कॉल करायचा, पुढच्या ओळीत ‘फेल’ लिहायचं आणि ‘कॅच’मध्ये गप्प बसायचं. त्यात ‘फेल’ची ओळ विसरली की एक्सेप्शन आलं नाही तरी टेस्ट पास. कुणी ‘कॅच’मध्ये थेट ‘थ्रोएबल’ (टाकता येण्याजोगं सगळंच) लिहिलं तर ‘फेल’ने टाकलेला एररही त्यातच गडप, पुन्हा पास. पायथॉनमध्ये हाच प्रकार हाताने लिहिणाऱ्यांनी जास्त सावध राहायला हवं: तिथे ॲसर्शनएरर हा साध्या ‘एक्सेप्शन’चाच पोटप्रकार आहे, त्यामुळे ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ एवढ्यानेच तो गिळला जातो.

२००६ मध्ये जेयुनिट ४ आलं आणि त्याबरोबर तुमचं ‘एक्स्पेक्टेड’. ‘फेल’ विसरण्याचा धोका संपला, म्हणून आम्ही सगळ्यांनी ते आनंदाने घेतलं. पण ते अख्ख्या टेस्टला लागतं. पहिल्या ओळीत तयारी करताना एक्सेप्शन आलं तरी टेस्ट पास. वरच्या पत्रातली जून महिन्याची गोष्ट जावामध्ये अशीच घडते. तुमच्याकडे बहुतेक ठिकाणी ‘इल्लीगलआर्ग्युमेंट’ अपेक्षित धरलं असेल. मजकुराचा आकडा करताना येणारं नंबरफॉरमॅटएक्सेप्शन हे त्याचंच अपत्य आहे. टेस्टच्या तयारीत एका आकड्यामागे चुकून स्पेस राहिली, तर टेस्ट कायमची हिरवी.

२०१७ च्या जेयुनिट ५ मध्ये ‘ॲसर्टथ्रोज’ आलं. त्यात नेमका कॉल लॅम्डामध्ये (बिननावाच्या छोट्या फंक्शनमध्ये) द्यायचा आणि एक्सेप्शन हातात परत मिळतं. तुम्ही जेयुनिट ४ वरच असाल तरी अडचण नाही, २०२० च्या ४.१३ आवृत्तीपासून तिथेही ते आहे.

सगळ्या शेकडो टेस्ट बदलायला घेऊ नका. ज्या टेस्टमध्ये एकच ओळ आहे, तिथे ‘एक्स्पेक्टेड’ काही बिघडवत नाही; सिनिअर तेवढ्यापुरते बरोबर आहेत. ज्या टेस्टमध्ये तीन-चार ओळींची तयारी आहे, अपेक्षित एक्सेप्शन सगळीकडे सापडणाऱ्या जातीचं आहे आणि मागचा कोड पैसे, साठा किंवा लोकांच्या नोंदी बदलतो, त्या आधी घ्या. अशा पहिल्या पाच टेस्टमध्ये मूळ तपासणी कॉमेंट करून बघा. एखादी जरी हिरवी राहिली, तरी तीच सिनिअरना दाखवा. माझ्या अनुभवात याहून जास्त बोलावं लागत नाही.

वेळ घालवण्यात अर्थ आहे का, याबद्दल मात्र थोडं बोलते. टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ओएसडीआय या संगणक प्रणालींवरच्या परिषदेत एक अभ्यास मांडला. कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या पाच वितरित (अनेक संगणकांवर मिळून चालणाऱ्या) प्रणालींमधले १९८ बिघाड त्यांनी एकेक करून तपासले. त्यात जे बिघाड सगळी प्रणालीच बसवणारे होते, त्यातल्या ९२ टक्क्यांच्या मुळाशी असा एरर होता, जो प्रणालीने स्वतः रीतसर कळवला होता आणि जो मुळात जिवावरचा नव्हता. तो हाताळणारा कोड चुकला होता. काही ठिकाणी तर कॅच ब्लॉक रिकामा होता, काही ठिकाणी आत फक्त ‘नंतर करू’ अशी कॉमेंट होती. एरर हाताळणारा कोड रोजच्या वापरात चालत नाही, म्हणून त्यातली चूक रोजच्या वापरात दिसत नाही. तो चालवून बघण्याची एकच हक्काची जागा आहे, ती टेस्ट.

प्रश्न : मी एक्सेप्शनचे मेसेज मराठीत ठेवतो आणि पायटेस्टच्या ‘मॅच’ने तो मजकूर तपासतो. एक टेस्ट फेल होते आहे. अपेक्षित मजकूर ‘शेतकऱ्याचा कोड सापडला नाही’ आणि आलेला मजकूरही ‘शेतकर्‍याचा कोड सापडला नाही’. मी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. दोन दिवस गेले. आणखी एक: देवनागरी आकडे भरले तर ‘इंट’ने एक्सेप्शन टाकावं अशी टेस्ट आहे, तीही फेल होते.
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : तुमचे दोन दिवस गेले त्याचं मला वाईट वाटतं, कारण डोळ्यांनी बघून हे कधीच सापडलं नसतं. तुम्ही पाठवलेल्या दोन ओळी पायथॉनच्या ‘ॲस्की’ फंक्शनमधून काढल्या की फरक दिसतो. ‘शेतकऱ्याचा’ हा शब्द दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत मराठीचा स्वतंत्र ‘ऱ’ आहे आणि त्याला हलंत लावून पुढे ‘या’. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलंत, मग न दिसणारं जोडचिन्ह आणि ‘या’. पडद्यावर दोन्हीकडे तोच आडवा रफार दिसतो, आत अक्षरं वेगळी. कोणता कीबोर्ड वापरला यावर ते ठरतं. ‘ॲप’चंही तसंच: एक सबंध ‘ॲ’ आहे आणि दुसरा ‘अ’ला जोडचिन्ह आणि चंद्र लावून केलेला. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केलं तरी या जोड्या एक होत नाहीत, तेव्हा त्या वाटेने जाऊ नका.

‘मॅच’ आपला मजकूर रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे खास चिन्हांनी लिहिलेला मजकुराचा नमुना, म्हणून वाचतं, हीसुद्धा नेहमीची अडचण. मेसेजमध्ये ‘फॅट ३.५ (गाय)’ असं असेल तर त्यातले कंस गट समजले जातात आणि हुबेहूब तोच मजकूर जुळत नाही. मजकूरच तपासायचा असेल तर ‘एस्केप’मधून (खास चिन्हं साधी करणाऱ्या फंक्शनमधून) काढून द्या.

पण माझं म्हणणं, मराठी मेसेजचा मजकूर टेस्टने धरून ठेवूच नये. मेसेज माणसासाठी असतो आणि तो सुधारत राहायला हवा. उद्या कुणी ‘सापडला नाही’चं ‘मिळाला नाही’ केलं तर टेस्ट का मोडावी? एक्सेप्शनचा क्लास तपासा, त्यात ठेवलेला शेतकऱ्याचा कोड तपासा. मेसेजबद्दल एवढंच बघा की तो रिकामा नाही आणि त्यात तो कोड आला आहे.

देवनागरी आकड्यांची टेस्ट फेल होते, कारण तिथे तुमचीच अपेक्षा चुकली आहे. पायथॉनचं ‘इंट’ युनिकोडमधले सगळे दशमान अंक स्वीकारतं. ‘१२३’ दिलंत तर एकशे तेवीस मिळतात, ‘फ्लोट’लाही ‘३.५’ चालतं. मराठीत भरणा करणाऱ्यांसाठी ही सोयच आहे. ती टेस्ट उलटी करा, म्हणजे किंमत बरोबर आली का ते बघा. मात्र दुसऱ्या भाषेत जाताना हे गृहीत धरू नका. जावाचं पार्सइंट देवनागरी आकडे घेतं, पण पार्सडबल तेच आकडे नाकारून नंबरफॉरमॅटएक्सेप्शन टाकतं. सीशार्पचं इंट-पार्स फॉरमॅटएक्सेप्शन टाकतं. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ काहीच टाकत नाही, गुपचूप ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’ अशी किंमत) परत देतं. तिथे एक्सेप्शनची टेस्ट लिहून उपयोग नाही, परत आलेली किंमतच तपासावी लागेल.